अ‍ॅव्हेंजरच्या सॅडल बॅगा बदलायच्या आहेत. चामडं, नायलॉन की डबे? आणि अडकवायच्या कशा?

भांडुपची_टेकडी

नमस्कार मंडळी. गाडी बजाज अ‍ॅव्हेंजर 220 क्रूझ, 2016 ची, कार्ब्युरेटरवाली. तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली तेव्हा तिच्यावर काळ्या चामड्याच्या, झालरी लावलेल्या दोन सॅडल बॅगा होत्या. खरं सांगू का, गाडी मी त्या बॅगांकडे बघूनच घेतली. आता त्याच बदलायच्या आहेत.

झालं असं. मे महिन्यात आम्ही दोघं गावी निघालो. गाव सावर्डे, चिपळूणच्या पुढे. पहाटे ऐरोली-पनवेल मार्गे बाहेर पडलो, कर्नाळा ओलांडला आणि खारपाड्याच्या पुलापाशी मागून बायको म्हणाली, "कुणीतरी बुंदी पाडतंय." मलाही वास आला. साजूक तुपाचा, अगदी लग्नघरासारखा. गंमत म्हणजे पुढे गेलो तरी वास मागे पडेना. पेणला चहाला थांबलो तेव्हा उलगडा झाला की बुंदी आमचीच. उजव्या बॅगेचा खालचा पट्टा सुटला होता, बॅग सायलेन्सरवर जाऊन बसली होती. चामडं करपून टणक झालेलं, आतला प्लास्टिकचा डबा वाकलेला आणि आईसाठी नेत होतो ते किलोभर तूप सायलेन्सरवर तळलं जात होतं. टपरीवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत, इतका हसला.

गावाहून आल्यावर डावी बॅगही उघडून बघितली. बाहेरून बरी दिसते, पण आत बुरशीचा पांढरा थर, शिवणीचा दोरा बोटाने तुटतो आणि तळाला जो कडकपणा होता तो साध्या राखाडी पुठ्ठ्याचा. मी छपाईच्या प्रेसमध्ये आहे, पुठ्ठा मला अंधारातही कळतो. त्याचा लगदा झाला होता.

आता माझी अडचण ऐका, कारण "अमुक बॅग घे" एवढ्या उत्तराने माझं भागणार नाही. मी भांडुपच्या टेकडीवर राहतो. गाडी खाली रस्त्यावर, घर 112 पायऱ्या वर. (मोजल्या आहेत. सिलिंडर चढवताना मोजल्याच जातात.) म्हणजे बॅग रोज काढता-घालता यायला हवी, नाहीतर रात्रीतून कुणीतरी काढून नेणार. बायको मागे बसते, पाठ टेकायला बॅकरेस्ट लागतोच. सणासुदीला साडी असते. रोजचा रस्ता म्हणजे एलबीएस मार्ग, तिथे रिक्षांमधून वाट काढायची, त्यामुळे गाडीचा हत्ती करून चालणार नाही. आणि गणपतीला पुन्हा गावी जायचं आहे, म्हणजे पाऊस धरूनच चाला. बजेट सहा-सात हजार.

तीन दुकानं फिरलो. तिघांनीही "युनिव्हर्सल फिटिंग" म्हणून सीटवरून टाकायच्याच बॅगा दाखवल्या. एकाने तर डाव्या बाजूचा साडीगार्ड काढून टाका म्हणजे बॅग छान आत बसेल, असंही सुचवलं. काय करू?

न्यूट्रल_गिअर

सीटच्या मागे टॉप बॉक्स (वरचा डबा) लाव आणि मोकळा हो. हेल्मेटही राहतं.

भांडुपची_टेकडी

बॅकरेस्ट काढावा लागेल. तो काढला तर मी एकटाच गावी जाईन, आणि एकटा गेलो तर परत येऊ नकोस असं सांगितलं आहे.

फिटर_काका_परळ

अरे बाळा, "आजार रेड्याला आणि औषध पखालीला" ही म्हण ऐकली आहेस ना? तुझ्या बाबतीत ती शब्दशः लागू पडते. पखाल म्हणजे रेड्याच्या पाठीवरची पाण्याची चामडी पिशवी. तुझी पखाल वाईट होती हे मान्य. पण जळली ती पखाल वाईट होती म्हणून नव्हे. तिला टेकायला खाली काही नव्हतं, म्हणून जळली. उद्या पंधरा हजारांची बॅग आणलीस आणि तशीच लोंबकळत ठेवलीस तर तीही सायलेन्सरवरच बसणार. आधी स्टँड, मग बॅग.

मी 1982 च्या संपाआधी चार वर्षं मिलच्या फिटिंग खात्यात होतो, नंतर उभा जन्म लेथवर गेला. बुलेटला, राजदूतला, येझदीला दुधाचे कॅन आणि ब्रेडचे क्रेट अडकवायचे स्टँड किती बनवले त्याचा हिशोब नाही. ते काम आणि तुझं काम एकच. तुझ्या बॅगेला झालर आहे, एवढाच फरक.

सीटवरून टाकायची ती पडशी. पडशी खांद्यावर चालते, कारण खांदा हलला की माणूस ती सावरतो. गाडी सावरत नाही. खड्ड्यात गाडी खाली बसते, बॅग आत झुलते, आणि आत काय आहे? चाक, शॉकअ‍ॅब आणि उजवीकडे सायलेन्सर.

स्टँड बनवताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. शॉकअ‍ॅबचा वरचा बोल्ट चेसिसचा, खालचा बोल्ट चिमट्याचा, म्हणजे मागचं चाक धरणारा, तुम्ही ज्याला स्विंगआर्म म्हणता त्याचा. वरचा जागेवर राहतो, खालचा चाकाबरोबर वर-खाली नाचतो. एक टोक वर आणि एक टोक खालच्या बोल्टला बांधलेला स्टँड मी डोळ्यांनी पाहिला आहे. आठवडाभरात वेल्डिंग सोडून दिलं. तेव्हा सगळे आधार चेसिसवर घे. दोन सीटखाली, मडगार्डच्या कण्याला जे बोल्ट आहेत तिथे (पातळ पत्र्याला नव्हे, पत्रा फाटतो), आणि तिसरा खाली, मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटवर. तीन जागा धरल्या की त्रिकोण होतो आणि त्रिकोण हलत नाही. मग डावा आणि उजवा स्टँड मागून एका आडव्या पट्टीने जोड, नंबर प्लेटच्या मागे, दिसणारही नाही. ही पट्टी नसेल तर दोन्ही स्टँड हळूहळू आत झुकतात. सगळे ही पट्टीच विसरतात.

माल: एमएसची (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) 12 मिलिमीटरची सळई. वजनाची भीती वाटत असेल तर सोपा हिशोब आहे, व्यासाचा वर्ग भागिले 162, उत्तर मीटरला किती किलो ते. बारा बारे 144, म्हणजे मीटरला नऊशे ग्रॅमच्या आत. एका बाजूला दीड मीटर लागली तरी सव्वा-दीड किलो. पाइप हलका पडतो हे खरं, पण वाकवताना चेपतो आणि टोकं बंद केली नाहीत तर मुंबईच्या हवेत आतून कुजतो.

बोल्ट नागदेवी स्ट्रीटवरून आण. डोक्यावर 8.8 ही ताकदीची खूण कोरलेली बघूनच घे. चकाकतं म्हणून स्टेनलेस स्टीलचे घेऊ नकोस. साध्या ए2-70 दर्जाच्या स्टेनलेसची ताकद 8.8 पेक्षा कमी असते, आणि स्टीलच्या बोल्टवर स्टीलचा नट कोरडा आवळला तर कधीकधी असा चिकटतो की कापूनच काढावा लागतो. नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले. जुन्याच बोल्टवर स्टँडची पट्टी चढवशील तर आटे कमी पडतील, लांब बोल्ट घे. नट पूर्ण बसून दोन-तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत. वेल्डिंग गाडीवर करू देऊ नकोस. टाके मारायचे तर बॅटरीची निगेटिव्ह काढून, बाकी सगळं काम स्टँड खाली उतरवून.

पण हे सगळं नंतर. आधी पुठ्ठ्याची बॅग बनव. तू प्रेसवाला आहेस, तुला खोके विकत घ्यावे लागणार नाहीत. खोका गाडीला बांध, टायरच्या बाजूंना रंगीत खडू घास, सूनबाईंना मागे बसव आणि दोन स्पीडब्रेकर घे. खोक्याला रंग लागला तर तिथे उद्या बॅग घासणार. खोक्याच्या तळाला मेणबत्तीचे थेंब पाड आणि गाडी ट्रॅफिकमधून फिरवून आण. जिथलं मेण पातळ होऊन पसरलं तिथे उष्णता पोचते. मेण साठ अंशांच्या आसपास विरघळतं, म्हणजे बॅग जळायच्या पुष्कळ आधी तुला कळेल.

मागची_सीट

काका, सूनबाईंना बसवून नुसता स्पीडब्रेकर नका घ्यायला सांगू. त्यांना विचारायलाही सांगा!

मी नवऱ्यामागे बसून वर्षातून चार-पाच मोठे प्रवास करते. बॅगा निवडताना सगळे लिटर बघतात, माझी टाच कुठे जाते ते कुणी बघत नाही. बॅगेचा पुढचा कोपरा फूटरेस्टच्या अगदी मागे आला तर पाय तिरका ठेवावा लागतो. महाडपर्यंत गुडघा बोलायला लागतो. चढता-उतरताना पाय बॅगेवरून टाकावा लागतो तो वेगळाच. बसलेल्या माणसाच्या टाचेमागे चार बोटं तरी मोकळी हवीत, चपलेसकट.

आणि साडीगार्ड काढायला सांगणाऱ्या दुकानदाराला माझा नमस्कार सांगा. मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम त्यासाठीच आहे. मागे बसणाऱ्याला धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निदान अर्ध्या चाकाला आडोसा. बॅग लावली की आडोसा झालाच, असं लोक म्हणतात. पण हे गृहस्थ बॅग रोज काढून 112 पायऱ्या चढणार आहेत ना? मग बॅग नसलेल्या दिवशी साडी कुठे जाईल?

ठाणेकर_650

माझ्याकडे सुपर मीटिअर आहे, कडक डबे लावलेत. कुलूप आहे, पाऊस आत जात नाही, सगळं उत्तम. फक्त तीन हात नाक्याला दोन बसच्या मधे शिरलो आणि डबे विसरलो. आरसे पार झाले, डबे अडकले. तुमच्यासारखं रोज एलबीएसवरून जायचं असेल तर डबे नकोत. अजून एक: गाडी कलंडली तर नरम बॅग दबते, डबा पाय दाबतो. मी थोडक्यात वाचलो.

धारावी_शिलाई

स्टँडवर काका बोलले, टाचेवर ताई बोलल्या, बॅगवाला कुणीच बोलला नाही, म्हणून लिहितो. मी बॅगांच्या कारखान्यात कटिंग करतो, चौदा वर्षं झाली.

तुमची डावी बॅग चामड्यामुळे गेली नाही, दोऱ्यामुळे आणि पुठ्ठ्यामुळे गेली. बोटाने तुटतो म्हणजे दोरा सुती असणार. सुती दोरा ओल धरतो आणि कुजतो. चांगल्या बॅगेला बाँडेड नायलॉन किंवा पॉलिस्टर असतो. चामडं हौसेने ठेवायचं तर ठेवा, पण मग ते पाळावं लागतं. ओलं झालं की सावलीत सुकवा, उन्हात किंवा गाडीवर सुकवलंत तर वाकडं होतं. मग वॅक्स चोळा, आणि पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. पाळायला वेळ नसेल तर ताडपत्री किंवा जाड नायलॉन घ्या.

कापडात "डेनिअर" म्हणतात तो आकडा म्हणजे 9,000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. 1680 डेनिअर म्हणजे धागा जाड, घासणीला टिकतो. पाणी अडवणं हे त्याचं काम नव्हे, ते आतल्या कोटिंगचं काम. स्वस्त पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग आपल्या दमट हवेत काही वर्षांनी चिकट होतं आणि पापुद्रे सुटतात. जुनी छत्री, जुनी सॅक आतून चिकटते, तेच ते. आणि कितीही भारी कापड घ्या, सुई जिथे शिरली तिथे भोक पडलं. म्हणून "वॉटरप्रूफ" शब्दावर जाऊ नका. बाहेरची बॅग घासणीसाठी आणि आत वेगळी, गुंडाळून बंद करायची, वेल्डिंग केलेली, म्हणजे न शिवता गरम करून सांधलेली पिशवी पाण्यासाठी. आतली पिशवी पिवळी किंवा पांढरी घ्या. काळ्या पिशवीत रात्री किल्ली शोधून बघा म्हणजे कळेल.

तुमचा पट्टा का सुटला तेही सांगतो. स्वस्तातला पट्टा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तो 160 अंशांच्या थोडं वर वितळतो. नायलॉनचा साधारण 220 ला. टोक जाळून बघितलं की कळतं, पॉलिप्रॉपिलीनला मेणबत्तीसारखा वास येतो. तरीही सांगतो, सायलेन्सरला टेकलं तर दोन्ही जाणारच. पट्ट्याने बॅग आवळावी, बॅगेचं वजन पट्ट्यावर टाकू नये.

रोज काढायची असेल तर मागच्या बाजूला चार मिलिमीटरची शीट घालून घ्या. त्या शीटला वर दोन हुक, जे स्टँडच्या सळईवर बसतील, आणि खाली आतून फिरवायचे मुठीचे दोन बोल्ट. बोल्ट बॅगेच्या आत राहतात, म्हणजे बॅग उघडल्याशिवाय निघत नाही, आणि बॅगेच्या चेनला (झिपला) छोटं कुलूप. चेन 10 नंबरची घाला, 5 नंबरची मोटरसायकलच्या धुळीत महिन्यात अडकते.

भांडुपची_टेकडी

पाच आठवड्यांनी लिहितोय, माफी. पण हात काळे करून आलोय.

आधी खोके. आमच्याकडे रंगांच्या डब्यांचे पाच-प्लाय (पाच थरांचे) खोके येतात, ते कापून दोन "बॅगा" केल्या. पहिली जोडी 28 सेंटीमीटर जाड होती. बांधून टेपने मोजलं तर मागची रुंदी हँडलपेक्षा जास्त. माझं हँडल टोकापासून टोकापर्यंत साधारण 80 आहे, खोके 88 वर गेले. म्हणजे पुढचं तोंड जिथून जाईल तिथे बूड अडकणार, ठाणेकरांच्या आरशांसारखं. जाडी 18 वर आणली, 40 लांब, 28 उंच. हिशोबाने एकेक वीस लिटर होतात, आणि मागची रुंदी 70 च्या आत आली. वीस लिटर म्हणजे काय? एका बॅगेत आम्हा दोघांचे तीन दिवसांचे कपडे, दुसरीत आईचं सामान. तेवढं पुरे. त्याहून मोठी बॅग असती तर तीही भरली असती, आमच्या घरात खोगीरभरतीला तोटा नाही.

रविवारी सकाळी सगळी आळी बघायला उभी. टायरला निळा आणि गुलाबी खडू (पोरीचा), खोक्यांच्या तळाला मेणाचे थेंब ओळीने, आणि बायको मागे. शेजारचे भाऊ म्हणाले, "काय, चतुर्थी आहे का?" स्टेशनपर्यंत गेलो, तिथून एलबीएसने घाटकोपर, सिग्नलला मुद्दाम थांबत परत.

खडूने काही सापडलं नाही, दोन्ही खोके आतून कोरे. मेणाने मात्र पकडलं. उजव्या खोक्याला पुढून मागे सात थेंब होते. मागचे पाच जसेच्या तसे, टपोरे. पुढचे दोन सपाट होऊन पुठ्ठ्यात मुरले होते, तेलकट डाग तेवढा राहिला. म्हणजे उष्णता सगळीकडे नव्हतीच, फक्त पुढच्या खालच्या कोपऱ्यात, सायलेन्सर जिथे वर चढतो तिथे. हाच कोपरा मे महिन्यात करपला होता. मी उकिडवा बसून त्या दोन डागांकडे किती वेळ बघत राहिलो कुणास ठाऊक. नुसत्या डोळ्यांना तिथे तीन बोटांचं अंतर दिसत होतं आणि मी शपथेवर सांगितलं असतं की पुरेसं आहे.

मग ताईंची परीक्षा. बायको बसली, चप्पल घातली, आणि टाच थेट खोक्याच्या कोपऱ्यावर. खोका सहा सेंटीमीटर मागे सरकवला तेव्हा "आता ठीक" ऐकू आलं. पण मागे सरकवला तर बाजूने बघणाऱ्याला मागचा इंडिकेटर दिसेना. वर घ्यावा तर मांडीला लागतो, खाली घ्यावा तर मेण वितळतं. शेवटी खोका सहा मागे आणि पाच वर नेला, खालचा पुढचा कोपरा तिरका कापला, आणि इंडिकेटरच बाहेर काढायचे ठरवले. तो कापलेला खोका नेऊन धारावीत दिला. म्हटलं, हा साचा, असाच शिवा. कारागीर म्हणाला, "गिऱ्हाईक फोटो घेऊन येतं, तुम्ही डायरेक्ट बॅगच घेऊन आलात." 1680 डेनिअर काळं, आत पिवळ्या पिशव्या, तळाला पुठ्ठा अजिबात नाही.

स्टँड सोनापूरच्या बाजूला एका वेल्डरकडे बनवला. काकांचं वर्णन वाचून दाखवलं तर म्हणाला, हे लिहिणारा लेथवर काम केलेला आहे. तीन आधार, मागची आडवी पट्टी, साडीगार्ड जागेवर. त्यासाठी डावा स्टँड एक बोट बाहेर घ्यावा लागला, घेतला. मग उजव्या बाजूला तळाशी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, बॅगेपासून सेंटीमीटरभर लांब, मधे हवा खेळायला. मागचे इंडिकेटर 40 मिलिमीटरच्या बुशवर (पोकळ नळकांड्यावर) बाहेर आले.

आता माझी चूक. स्टँड पावडर कोटिंगला (भट्टीत भाजून चढवतात तो रंग) दिला, सुंदर होऊन आला, काळा मॅट. उत्साहात तसाच बसवला. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) एका गॅरेजमधून मागून आणला आणि एम8 बोल्ट पंचवीस न्यूटन-मीटरला आवळले. बायकोच्या लाल नेलपॉलिशने प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीवर एक रेघ ओढली, नट हलला तर रेघ तुटलेली दिसेल म्हणून. (नेलपॉलिश महागाचं होतं हे नंतर कळलं.) पन्नास किलोमीटरनंतर बघतो तर सगळ्या रेघा शाबूत, पण स्टँड कुटकुट वाजतोय. नट फिरले नव्हते, तरी सैल! दोन दिवस डोकं खाजवलं. मग एक बोल्ट काढला तेव्हा दिसलं: वॉशरखाली पावडर कोटिंगचा थर दबून कडेला बाहेर आला होता, गादीसारखा. मी लोखंड आवळलंय असं समजत होतो, प्रत्यक्षात रंग आवळला होता. रंग बसला, ताण गेला. सहाही जागा घासून नागडं लोखंड काढलं, ग्रीसचं बोट फिरवलं, पुन्हा पंचवीस, पुन्हा रेघा. त्यानंतर दोनशे किलोमीटरवर तपासले, आवाज नाही.

खर्च: स्टँड 2,800, कोटिंग 500, बॅगा जोडी 4,600, बोल्ट-नट-बुश मिळून 180. बजेटच्या हजारभर वर. नेलपॉलिश वेगळं.

आणि गणपतीला जाऊन आलो. निघताना ताणकाट्यावर दोन्ही बॅगा तोलल्या, डावी साडेचार किलो, उजवी चार. शॉकअ‍ॅब दोन खाचा वर घेतला, टायरमध्ये मागे बसणाऱ्यासाठी मॅन्युअलमध्ये दिलेली हवा. इंदापूर-माणगावच्या रांगेत आम्ही रिक्षा आणि टेम्पोंच्या मधून सरकत होतो आणि बूड कुठेच अडकलं नाही. पोलादपूरच्या पुढे जो पाऊस लागला तो परशुराम घाटापर्यंत. गावी पोचून बॅगा काढल्या, एकेकीला मिनिटही लागलं नाही. बाहेरच्या बॅगेत तळाला वाटीभर पाणी होतं, पिवळी पिशवी आतून कोरडी. तळाला पाणी जायला एक भोक ठेवायला हवं होतं ते मी सांगितलं नाही आणि शिवणाऱ्यानेही विचारलं नाही. आता रिव्हेट मारून पाडून घेतो.

तूप या वेळी डाव्या बॅगेत होतं. आईला मे महिन्याची गोष्ट सांगितली होती, तिने डबा उघडून आधी वास घेतला.

फिटर_काका_परळ

रंगाखालचं तुझं तू शोधलंस, मी सांगायला विसरलो होतो. मिलमध्ये याच कारणासाठी साहेबाच्या शिव्या खाल्ल्या आहेत मी. आता एक काम कर, पहिल्या हजार किलोमीटरनंतर वेल्डिंगच्या कडेला बोट फिरव. रंगात केसासारखी रेघ दिसली तर तडा सुरू झाला समज आणि लगेच काढ. विशेषतः फूटरेस्टजवळचा सांधा बघ, धक्का तिथेच जातो. आणि एवढ्या पावसातून आला आहेस, इंडिकेटरच्या वाढवलेल्या वायरीचे जोड नुसत्या टेपवर आहेत की सोल्डर केलेत?

भांडुपची_टेकडी

टेपवर आहेत काका. आजच उघडतो.

मागची_सीट

टाच?

भांडुपची_टेकडी

टाचेची तक्रार नाही. आता पाणी प्यायची बाटली चालू गाडीवर हाताला लागत नाही अशी नवीन तक्रार आहे.

नवी_मीटिअर_कुर्ला

दादा, माझी मीटिअर 350 आहे, सायलेन्सर उजवीकडेच. तुमच्या स्टँडची मापं द्याल का? म्हणजे तसाच बनवून घेतो.

भांडुपची_टेकडी

मापं देऊन उपयोग नाही रे, तुझ्या गाडीचे बोल्ट वेगळ्या जागी, तुझ्या मागे बसणाऱ्याची टाच वेगळ्या जागी. खोके हवे असतील तर सांग. पाच-प्लाय, कोरडे, फुकट. शनिवारी दुपारी प्रेसवर ये, येताना खडू आणि मेणबत्ती घेऊन ये.